म्हशीची पट्टी

"चालत न्हाय म्हणालंय बघ, आक्का."

नागेंद्रनं लॅपटॉप फिरवून बहिणीपुढं धरला. कंपनीनं नुकताच दिलेला, कोरा करकरीत. पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा त्यानं अजून सोललं नव्हतं. आणि त्या कोऱ्या करकरीत पडद्यावर एक चौकोन येऊन बसला होता. हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. खाली एकच बटण, 'ठीक आहे'.

"ठीक काय डोंबल हाय?" रूपाली म्हणाली. "परत दाब की."

"किती बी दाब. अण्णांच्या वक्ताचं हाय ते. नव्या विंडोजला असलं जुनंपानं गिळत न्हाय."

उंबऱ्यात बसून मनुबाई तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि लेकाच्या कानाशी तोंड नेलं. फुसफुस करत दोन-चार शब्द आले. नागेंद्रचा चेहरा पडला.

"काय म्हणाली रं?"

"बारशाला येत न्हाय म्हणाली."

आता हे मनुबाईनं म्हणावं म्हणजे हद्दच झाली. बेळगावला चिकटलेल्या त्या गावात, म्हणजे आता शहरानं गिळलेल्याच, गेल्या कित्येक वर्षांत एक पाळणा मनुबाईशिवाय हललेला नव्हता. कुणाच्या घरी बाळ जन्मलं की पेढ्यांच्या आधी मनुबाईला आवतण. ती जायची, पदर खोचायची, पाळण्याच्या दोरीला हात घालायची आणि आपला पाळणा म्हणायची. शब्द तिचे, चालही तिचीच. म्हणजे जांबोटीच्या माहेरी भात लावताना बायका जे म्हणायच्या, त्यातून तिनं ती केव्हातरी वळवून घेतलेली. मधेच असा एक हेलकावा घ्यायची की दोरी धरणारीचा हात आपोआप थांबावा. बाकीच्या बायका 'जो जो' पुरत्या. मधल्या ओळी मनुबाईच्या, हे ठरूनच गेलं होतं.

आणि मग गेल्या साली गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन जिवावरचं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठीबरोबर आवाजाची नस जाईल. जीव राहिला, आवाज गेला. उरली ती नुसती हवा. कुणाच्या कानाला तोंड लावून ती बोलायची ते ऐकू यायचं, पण हातभर लांबच्याला काही नाही. शब्द असे फुंकता येतात. चाल फुंकता येत नाही ना! तिनं प्रयत्न केला नाही असं नव्हे. शेजारच्या बायकांना बसवलं, मांडीवर ठेका धरला, हातानं वर-खाली दाखवलं. बायका म्हणायला लागल्या की निम्म्या वाटेत त्यांची गाडी कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्यावर जाऊन उभी राहायची, आणि मनुबाई कपाळावर हात मारून घ्यायची. नागेंद्रनं एकदा गमतीनं सुचवलं, "शिट्टी वाजीव की, आई." तिनं उलथनं फेकून मारलं होतं.

असं असताना नागेंद्रला मुलगी झाली. मनुबाईची पहिली नात. सून सौम्या माहेरी बोरगावला होती, बारसं तिथंच, येत्या रविवारी. गावातल्या पोराटोरांना जिनं पाळणा म्हटला, तिनं आपल्या नातीच्या पाळण्यापुढं मुकाट बसायचं. ते मनुबाईला जमणार नव्हतं, आणि तिनं तसं लेकाच्या कानात सांगितलं होतं.

"पाळण्याबिगर म्हणजे येत न्हाय," नागेंद्रनं निरोप पुरा केला. "तुम्ही जावा म्हणाली."

"येतीस की न्हाय ते मी बघतो," रूपाली आईकडं बघून म्हणाली. "चाल मिळाली तर येतीस नव्हं?"

मनुबाईनं मान हलवली. चाल मिळाली तर.

चाल होती. तीच तर खोच होती. रूपालीचे वडील मष्णूअण्णा एका वकिलाच्या ऑफिसात शिपाई होते. वकिलांनी नवं घेतल्यावर जुनं आवाज टिपायचं यंत्र अण्णांना देऊन टाकलं, खोक्यासकट, सीडीसकट. अण्णांनी ते हौसेनं गावात एका बारशाला नेलं आणि बायकोचा पाळणा भरून आणला. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कपाटात पडून यंत्रातले सेल पाझरले, यंत्र मेलं. पण अण्णांनी वेळीच फायली सीडीवर काढून ठेवल्या होत्या. फक्त त्या फायली यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच घडणीच्या. त्यांची गाठ सोडवणारा प्रोग्राम एकच, तो खोक्यातल्या सीडीवर, आणि तो चालायचा जुन्या विंडोजवर. रूपालीनं शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवरून दोन्ही सीड्या पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या. सगळी भिस्त नागेंद्रच्या नव्या लॅपटॉपवर होती. ती आता अशी गेली.

"माझ्यावर करतो," ती म्हणाली आणि आपला लॅपटॉप पुढं ओढला.

नागेंद्र हसलाच. "तुझ्यावर? तुझ्यावर विंडोजच न्हाय की!"

हे खरं होतं. रूपाली टिळकवाडीतल्या एका शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीची बाई होती. मुलं तिला 'लॅबबाई' म्हणायची. शाळेतली सगळी यंत्रं लिनक्सवर, आणि हा लॅपटॉप शाळेनं मोडीत काढलेला, त्याच्यावरही लिनक्सच. त्याची एक बिजागरी तुटली होती, ती तिनं दाभणानं शिवली होती.

"विंडोज न्हाय, पण वाइन हाय. वाइन घालून बघतो."

मनुबाईनं डोळे मोठे केले.

"लॅपटॉपला दारू पाजवतीस व्हय गं?" नागेंद्र म्हणाला. "आमचा नवा हाय त्याला जमंना, आणि तुझा म्हातारा पिऊन चालणार?"

"दात काढू नगंस. अण्णा कचेरीत काय करायचे, सांग."

"वकीलसाहेबांच्या फायली न्यायचे."

"आणि गावची माणसं आली की? ह्यांना कन्नड येत न्हाय, खिडकीतल्याला मराठी येत न्हाय. अण्णा मधी उभारायचे. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. तू बघितलायस की. म्हातारं माणूस आपलं मराठीतच बोलून यायचं, आणि घरी येऊन सांगायचं, साहेब लई चांगला, सगळं मराठी कळतंय त्याला. वाइन बी तसलाच मधी उभारणारा प्रोग्राम हाय. त्या प्रोग्रामला वाटत राहतंय, आपण विंडोजवरच हाय."

अण्णांचं नाव निघाल्यावर नागेंद्रनं आपला लॅपटॉप मिटला. उठता उठता म्हणाला, "मग अण्णाच काढतील बाहेर," आणि निपाणीची बस गाठायला निघून गेला. त्याचं काम निपाणीत, बिऱ्हाडही तिथंच. रविवारी निपाणीच्या स्टँडवर गाडी घेऊन थांबतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रूपालीनं लॅपटॉप शाळेत नेला. घरचं नेट म्हणजे मनात आलं तर येणार. शाळेचं जरा बरं. शेवटचा तास सुटला, मुलांच्या चपला जिन्यावरून खडखडत गेल्या, आणि लॅबबाई खुर्ची ओढून बसली. आज उठायचं ते फाईल उघडूनच, असं तिनं स्वतःला बजावलं.

पहिला घास तर सरळ गेला. प्रोग्रामचं सामान इतकं जुन्या पद्धतीनं बांधलेलं की नव्या विंडोजनं त्याला दारातच अडवलं होतं. वाइननं मात्र ये बाबा म्हणून आत घेतलं. रूपालीला इतका आनंद झाला की ती रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बसली. मग खिडकी उघडली आणि तिच्यात अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ते निस्तरलं. मग प्रोग्राम म्हणाला, माझी अमुक एक फाईल सापडत नाही. ती शोधून आणून घातली. मग तो उघडता उघडता मिटायला लागला. सेटिंगमध्ये जाऊन तिनं त्याला सांगितलं, बाबा, तू आणखी जुन्या विंडोजवर आहेस असं समज. त्यानं तसं समजून घेतलं. नीट उघडला. आणि शहाण्यासारखा म्हणाला, यंत्र जोडा.

यंत्र! मेलेलं यंत्र खोक्यात घालून तिनं बरोबर आणलं होतं, का कुणास ठाऊक. जोडून पाहिलं. मेलेलं ते मेलेलंच. इंग्रजीत शिव्या देऊन झाल्या, मराठीत देऊन झाल्या. शेवटी ती कन्नडवर आली. "बारो, मारायाऽ, बारो," असं तिनं त्या प्रोग्रामला अजिजीनं विनवलं, ये रे बाबा, ये. शिपाई यल्लाप्पा कुलूप घेऊन दारात उभा होता. त्याला वाटलं आपल्यालाच बोलावतात.

"काय पायजे, बाई?"

"तुम्हाला न्हाय ओ. ह्याला म्हणालोय."

"येतंय काय?"

"न येऊन जातंय कुठं?"

यल्लाप्पा बिचारा कुलूप मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला. रूपालीनं सीडीतला माल पुन्हा पहिल्यापासून उपसला. तळाशी एका कोपऱ्यात दुसरा एक छोटा प्रोग्राम पडलेला होता. त्याला ना चित्र, ना रंग, नाव नुसतं 'बदलून देणारा' अशा अर्थाचं. एका घडणीची फाईल घ्यायची, साधी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. यंत्राबिंत्राची त्याला गरज नव्हती. तिनं त्याला वाइनच्या हवाली केलं, अण्णांची फाईल पुढं टाकली, बटण दाबलं. एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. आत काहीच नसलं तर? अण्णांनी बटणच नीट दाबलं नसलं तर?

पट्टी भरली. साधी फाईल तयार झाली. रूपालीनं ती वाजवली नाही. लॅपटॉप मिटला आणि यल्लाप्पाला म्हणाली, "चला, लावा कुलूप." पहिल्यांदा ऐकायचं ते आईबरोबर, असं तिनं मनात धरलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप पाटावर ठेवला, आईला पुढं बसवलं आणि वाजवलं.

आधी खरखर, मग कसलीशी न कळणारी घरघर. मग एक आवाज आला. जाडा, घोगरा, रेंगाळणारा. शब्द ओढत, लोळत येत होते. पाळणाच होता, त्यात शंका नव्हती, पण म्हणणारी बाई होती की बाप्या, तेच कळेना.

मनुबाईनं शांतपणे ऐकलं. मग लेकीच्या कानाशी वाकली.

"ही म्हैस कोण?"

रूपालीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. काल केवढी झुंज दिली होती! "आई, तूच हाईस ती," ती म्हणाली. "फाईल किती वेगानं वाजवायची ते तिच्या कपाळावर लिवल्यालं असतंय. ते पुसून गेलंय. वाइननं सगळं सांगितलं, एवढंच सांगायचं राहिलं. मी वाढवतो वेग, तू सांग कुठं थांबायचं."

तिनं वेग वाढवला. आता मनुबाई उंदरासारखी चिंचिं करू लागली. कमी केला, परत म्हैस. मधे कुठंतरी खरी मनुबाई होती, पण नेमकी कुठं? रूपालीला वाटायचं हीच. आई मान हलवायची, नव्हं. पुन्हा थोडं खाली, पुन्हा वर. ऐकून ऐकून दोघींच्या कानांचा नुसता भुगा झाला. आपलाच आवाज आपल्याला कधी बाहेरून ऐकू आलेला असतो का? मनुबाईलाही तो आतून माहीत होता.

मग ती एकदम उठली आणि मधल्या भिंतीवर मुठीनं दणादण मारायला लागली.

भिंतीपलीकडं रवळूआप्पा राहायचे. भजनात पेटी वाजवणारे. पूर्वी मनुबाई त्यांना इथूनच हाक मारायची, आता भिंत बडवायची. आप्पा धोतराचा सोगा सावरत आले.

"काय झालं, वैनी? साप निघाला काय?"

मनुबाईनं हातांनी भाता ओढून दाखवला. पेटी.

पेटी आली. आप्पांनी भाता मोकळा केला, मांडी घातली. "कुठली देऊ?" असं त्यांनी विचारलं खरं, पण ते सवयीनं. बायकांच्या भजनात आयुष्यभर त्यांनी मनुबाईला सूर दिला होता. त्यांचं बोट पट्टीवर जायच्या आत मनुबाईनं स्वतः हात लांब केला आणि एक काळी पट्टी दाबून धरली.

"काळी चार," आप्पा म्हणाले. "दुसरी कुठली असणार? वैनीची काळी चार म्हणजे ठरल्याली. हिकडं तिकडं केसभर सरकायची न्हाय."

आप्पा भाता हलवत राहिले. पेटीचा सूर खोलीत भरून राहिला. रूपालीनं लॅपटॉपवरचा वेग अगदी थोडा थोडा सरकवायला घेतला. म्हशीचा आवाज वर चढू लागला. जाडेपणा गेला, घोगरेपणा गेला. शब्द पायावर उभे राहिले. पेटीच्या सुराला घासत, अडखळत आवाज येत होता, आणि एका क्षणी घासणं थांबलं. पेटी कुठली आणि आवाज कुठला ते वेगळं सांगता येईना.

"धर!" आप्पा ओरडले. "तिथंच धर, पोरी!"

रूपालीनं हात उचलला. फाईल पहिल्यापासून लावली.

खरखर. कुणीतरी खाकरलं. आणि अण्णांचा आवाज आला, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा. "म्हण गं, मनू. लाल दिवा लागलाय."

हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. मनुबाईनं पदर तोंडाला लावला. रूपालीला अण्णांचा आवाज ऐकायला मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आप्पांनी भाता सोडून दिला. आणि मग ती खणखणीत मनुबाई गायला लागली.

खाचरात वारा शिरला गं शिरला,
झोका माझ्या बाळाचा आभाळी फिरला.

तो हेलकावा आला. जांबोटीच्या भाताच्या शेतातला तो हेलकावा, जो शेजारच्या बायकांना काही केल्या सापडत नव्हता. मनुबाईच्या ओठांची हालचाल सुरू झाली होती. आवाज लॅपटॉपमधून येत होता आणि ओठ इथं हलत होते.

आजोळ गं बाळाचं खानापूर गाव,
कानात सांगते आत्या तुझं नाव.

इथं गाणं थांबायचं. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायची आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या. फायलीतही तसंच झालं. धपाधप बुक्क्या, कुणाचं तरी "आई आई गं!", खसखस, आणि मनुबाईनं पुढची ओळ उचलली. त्या ओळीत नाव होतं सूरज.

"हे भरमूच्या सूरजचं बारसं!" आप्पा म्हणाले. "मिशा फुटल्या त्याला. रिक्षा चालवतोय."

रूपालीनं डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. "काय अडत न्हाय. खानापूर कापतो, सूरज कापतो. बाकीचं मोठ्या स्पीकरवर लावू या. आई, चल म्हण आता. येतीस नव्हं?"

मनुबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. कानाशी वाकली. बराच वेळ फुसफुसत राहिली.

"काय म्हणत्यात?" आप्पांनी विचारलं.

"ते सूरजचं हाय म्हणती. त्याचं उष्टं माझ्या नातीला नको." रूपालीचा आवाज रडवेला झाला. "आजोळ तिचं, नाव तिचं, तिच्या पाळण्यापुढं कुणीतरी तोंडानं म्हणायला पायजे म्हणती."

"बरोबर हाय की. आता चाल मिळाली. कोण म्हणणार?"

मनुबाईनं बोट लेकीच्या छातीवर टेकवलं.

"मी?" रूपाली मागंच सरकली. "आई, तूच म्हणालतीस मला! शाळेत होतो तवा. सगळ्या बायकांच्या मधी म्हणालतीस, रूपे, तुझा आवाज फाटका, तू नुसती टाळ धर. तवाधरनं मी प्रार्थनेत पण तोंड हलवत न्हाय."

आणि ती खरंच रडायला लागली. इतक्या वर्षांचं होतं ते, आजचं नव्हतं. मनुबाई बघत राहिली. तिला ते आठवत होतं की नव्हतं कोण जाणे. पण तिनं लेकीचं डोकं ओढून घेतलं आणि कानात म्हणाली, "चुकलं माझं. काळी चारमधी वढत होतो तुला. फाटणारच की."

मग तिनं लॅपटॉपकडं हात केला. खाली, खाली, असा. वेग कमी कर.

"कशाला?"

खाली कर म्हणते ना! रूपालीनं कमी केला. आवाज जाड झाला, उतरत गेला आणि पुन्हा ती म्हैस रेंगाळत पाळणा म्हणू लागली. मनुबाईनं आप्पांना खूण केली. आप्पांनी पेटीवर तो सूर धुंडाळला. "काळी दोन लागली बघा. जरा अंग चोरूनच, पण काळी दोन." त्यांनी रूपालीकडं पाहिलं. "म्हण बघू, 'आ'."

रूपालीनं नाक पुसत 'आ' म्हटलं. ते पेटीला जाऊन चिकटलं. फाटलं नाही. तिनं स्वतःच दचकून तोंड मिटलं.

"ही हिची पट्टी!" आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. "म्हशीची पट्टी!"

मनुबाई हसली. आवाज नसलेलं हसू, नुसते खांदे गदगदा हलतात तसं. रूपालीही रडता रडता हसली. आणि शिकवणी सुरू झाली. म्हैस हळू म्हणत होती हे बरंच होतं. हेलकाव्याची प्रत्येक वळणवाट उलगडून दिसत होती. खरी मनुबाई तो झर्रकन घेऊन जायची, कुणाच्या हाती लागायचा नाही. रूपाली म्हणायची, चुकायची, आई मांडीवर चापट मारायची. स्वतःच्या नव्हे, लेकीच्या. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तिची मांडी लाल झाली होती आणि चाल गळ्यात बसली होती.

बोरगावला सौम्याच्या माहेरी घराचा पुढचा सोपा बायकांनी भरून गेला होता. निम्म्या कन्नडमध्ये बोलत होत्या, निम्म्या मराठीत, आणि हसत होत्या सगळ्या एकदमच. नागेंद्र स्पीकर घेऊन हजर. "आक्का, कुठं जोडायचा?"

"ठेव तिकडं."

"म्हणजे? झालं न्हाय व्हय?"

"झालंय. तू ठेव रं."

सौम्याच्या आईनं, राजाबाईनं, पाळण्याला फुलांच्या माळा बांधल्या होत्या. मनुबाईला तिनं हाताला धरून पाळण्याशेजारी बसवलं. सौम्यानं बाळाला पाळण्यात निजवलं. रूपालीनं पदर खोचला. दोरीला हात घातला. तिनं आईकडं पाहिलं, आणि मनुबाईनं आपल्या मांडीवर ठेका धरला.

खाचरात वारा शिरला गं शिरला...

आवाज गोड नव्हता. जाडच होता, आणि दुसऱ्या ओळीत जरा हललाही. पण चाल ती होती. गावाकडच्या दोघी-तिघी आल्या होत्या, त्यांनी चमकून मनुबाईकडं पाहिलं, जणू तीच म्हणतेय की काय. हेलकावा आला. रूपालीनं डोळे मिटून तो घेतला आणि तिला कळलं की दोरी हातात थांबली आहे. नागेंद्र दारात स्पीकर कुशीत धरून उभा होता, तसाच राहिला.

आजोळ गं बाळाचं बोरगाव गाव,
कानात सांगते आत्या तुझं नाव.

गाणं थांबलं. बायका मुठी वळून तयार. रूपाली पाळण्याकडं वळली, आणि बाजूला सरली. आईच्या काखेत हात घालून तिनं तिला उभं केलं.

"आत्यानं सांगायचं असतंय ओ!" कुणीतरी म्हणालं.

"मान माझाच हाय," रूपाली म्हणाली. "मी आईला दिला. कानात सांगायला आमच्या आईएवढं पटाईत कोण हाय?"

मनुबाई पाळण्यात वाकली. सुनेनं निवडलेलं नाव तिला ठाऊक होतं. बाळाच्या कानाशी तिनं तोंड नेलं. एवढ्याशा कामाला आवाज लागतच नाही. ऑपरेशनच्या आधी, ती खणखणीत असतानाही, बारशाचं नाव असंच सांगत आले होते सगळे, फुंकर घातल्यासारखं. बाळानं डोळे किलकिले केले. ऐकू गेलं होतं.

पण पाठीत बुक्की पडेना. बायका मुठी वळून नुसत्या उभ्या. ऑपरेशन झालेली बाई, गळ्यावर एवढा व्रण, हिला कसं मारायचं? राजाबाईनं वर केलेला हात हळूच खाली घेतला. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मनुबाई वाकलेलीच होती. उठेना. मग तिनं उजवा हात मागं नेला आणि आपल्याच पाठीवर दोनदा जोरात थापटलं. मारा की!

रूपालीनं दोरी सोडली. मूठ वळली आणि आईच्या पाठीत दणदणीत बुक्की घातली. मग मात्र राजाबाई पुढं झाली, गावाकडच्या झाल्या, कन्नडवाल्या झाल्या, आणि धपाधप आवाजांनी सोपा दणाणला. मनुबाई पाठ चोळत, खांदे हलवत सरळ झाली. पदर डोक्यावर घेतला, जागेवर बसली, आणि मांडीवर पुन्हा थाप मारली.

रूपालीनं पुढची ओळ उचलली.